ब्रिजवॉटरचं मैदान, न्यूयॉर्कची माणसं : सॉमरसेट पेट्रियट्सचा नवा हंगाम समजून घेताना

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे, अप्पा, सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. एका शनिवारी ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात दर्शन झालं, तिथल्याच कँटीनमध्ये दहीभात झाला, आणि संध्याकाळ मोकळी पडली. म्हणून जवळच्याच मैदानावर बेसबॉलचा सामना बघायला गेलो. अप्पांनी उभ्या आयुष्यात रणजीचे सामने उन्हात बसून पाहिलेत, त्यामुळे खेळाची नजर पक्की. चौथ्या-पाचव्या इनिंगनंतर ते म्हणाले, “अहो, हे पोरगं एवढं छान टाकत होतं, एकही धाव दिली नाही. मग काढलं का त्याला?”

“त्याचे ठरलेले चेंडू संपले, अप्पा.”

“आणि आता दुसऱ्यानं धावा दिल्या, सामना हरले, तर?”

“तर हरले.”

अप्पांनी जरा वेळ समोरच्या भल्यामोठ्या फलकाकडे बघितलं आणि म्हणाले, “मग हा धावफलक लावलाय कशाला?”

प्रश्न बिनतोड आहे. आता मार्च संपत आलाय, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा हंगाम सुरू होईल, आणि परवा अप्पांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : “यंदा आपल्या संघाचं काय?” ‘आपला संघ’ म्हणजे त्या दिवशी ब्रिजवॉटरला पाहिलेला सॉमरसेट पेट्रियट्स. या एका ओळीचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण संघ कसा आहे हे सांगण्याआधी ‘संघ’ म्हणजे इथे नेमकं काय, हेच सांगावं लागतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि पोराबाळांना घेऊन मैदानावर जाणाऱ्या, पण काय चाललंय हे पुरतं न कळणाऱ्या बऱ्याच मराठी घरांनाही ते उपयोगी पडावं.

तर आधी शिडी. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० क्लब आहेत. प्रत्येक क्लबच्या खाली चार पायऱ्यांवर चार संघ : सगळ्यात खाली सिंगल-ए, मग हाय-ए, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० मायनर लीग संघ. त्याच्याही खाली फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनातली आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली शिकाऊ केंद्रं. न्यूयॉर्क यांकीजची शिडी अशी : टँपा, हडसन व्हॅली, सॉमरसेट, स्क्रँटन, आणि मग ब्रॉन्क्समधलं यांकी स्टेडियम. सॉमरसेट हा डबल-ए, वरून तिसरा.

आपल्याकडच्या रचनेशी तुलना करायचा मोह होतो, पण ती फसते. रणजीचा मुंबई संघ मुंबईचा असतो. त्यानं रणजी करंडक जिंकायचा असतो आणि जिंकता जिंकता एखादा खेळाडू भारताकडून खेळला तर तो बोनस. सॉमरसेटचं उलटं आहे. खेळाडूंचा, प्रशिक्षकांचा करार यांकीजशी. त्यांचा पगार यांकीज देतात. आज कोण खेळणार, पिचर किती चेंडू टाकणार, कोणाला वर बोलवायचं, कोणाला खाली धाडायचं, हे न्यूयॉर्कहून ठरतं. ब्रिजवॉटरच्या मालकाकडे काय उरतं? मैदान, तिकिटं, पार्किंग, हॉट डॉग, बिअर, शुक्रवारची आतषबाजी, आणि दोन इनिंगच्या मधल्या वेळात लहान पोरांच्या शर्यती. म्हणजे हॉल एकाचा आणि लग्न दुसऱ्याचं. हॉलवाल्यानं हॉल चकाचक ठेवावा, जेवण चांगलं द्यावं. नवरानवरी कोण, हे विचारू नये.

हा संघ कायम असा नव्हता, आणि हे जुन्या प्रेक्षकांना अजून आठवतं. १९९८ पासून २०२० पर्यंत सॉमरसेट कुठल्याच मोठ्या क्लबच्या दावणीला नव्हता. तो अटलांटिक लीग नावाच्या स्वतंत्र लीगमध्ये खेळायचा, स्वतःचे खेळाडू स्वतः निवडायचा, आणि जिंकण्यासाठीच खेळायचा. त्यानं ती लीग सहा वेळा जिंकली. पहिला मॅनेजर स्पार्की लाइल, १९७७ साली साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान) मिळवलेला यांकीजचा पिचर. मग २०२० च्या अखेरीस मेजर लीगनं सगळी खालची रचना मोडून नव्यानं बांधली, १६० च्या आसपास असलेले संघ १२० वर आणले. त्या उलथापालथीत यांकीजनी ट्रेंटनचा आपला डबल-ए संघ सोडला आणि सॉमरसेटला हात दिला. ट्रेंटन ही न्यू जर्सीची राजधानी, तिथे २००३ पासून यांकीजची पोरं खेळत होती. एका निर्णयानं तिथल्या लोकांचं ते नातं संपलं. इकडे ब्रिजवॉटरवाल्यांना न्यूयॉर्कचं नाव लागलं, पण स्वतःच्या संघावरचा हक्क गेला. फायद्याचा सौदा असेल, पण फुकटचा नव्हता, असं मला वाटतं.

आता हंगामाकडे. सॉमरसेट ज्या ईस्टर्न लीगमध्ये खेळतो तिच्यात १२ संघ, दोन गट. सॉमरसेटच्या ईशान्य गटात बिंगहॅम्टन, हार्टफर्ड, न्यू हॅम्पशायर, पोर्टलंड आणि रेडिंग. दुसऱ्या गटात अ‍ॅक्रन, अल्टूना, चेसापीक, ईरी, हॅरिसबर्ग आणि रिचमंड. प्रत्येक संघ १३८ सामने खेळतो, एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. पाच-साडेपाच महिन्यांत १३८! क्रिकेटवाल्या माणसाला हा आकडा ऐकूनच थकवा येतो. वेळापत्रक मात्र सोपं : मंगळवार ते रविवार एकाच संघाशी रोज एक असे सहा सामने, सोमवारी सुट्टी आणि बसचा प्रवास. विमान नाही. मेनमधल्या पोर्टलंडपासून व्हर्जिनियातल्या रिचमंडपर्यंत आणि ओहायोतल्या अ‍ॅक्रनपर्यंत सगळं बसनं.

हंगामाचे दोन तुकडे पाडलेले असतात, आणि इथेच या खेळाचा सगळा तिढा उघडा पडतो. जूनच्या उत्तरार्धात पहिला अर्धा संपतो. तोपर्यंत गटात जो पहिला, त्याची प्लेऑफमधली जागा पक्की. मग गुणतक्ता पुसून शून्यापासून दुसरा अर्धा. सप्टेंबरमध्ये दोन्ही अर्ध्यांचे विजेते तीन सामन्यांच्या मालिकेत भिडतात, आणि दोन गटांचे विजेते पुन्हा तीन सामन्यांची अंतिम मालिका खेळतात. असं का? तर जूनमध्ये पहिला आलेला संघ सप्टेंबरपर्यंत शिल्लक राहत नाही. कपडे तेच, आतली माणसं वेगळी. ज्यांनी जागा मिळवून दिली ते कधीच वर गेलेले असतात, आणि त्यांच्या मेहनतीचं फळ हडसन व्हॅलीहून आलेली नवी पोरं खातात.

याचं सगळ्यात गोड उदाहरण २०२२ चं. त्या वर्षी सॉमरसेटचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होता अँथनी व्होल्पे. तो याच परिसरातला, वॉचंगचा, म्हणजे सॉमरसेट काउंटीतलाच. यांकीजनी त्याला २०१९ मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत निवडलं होतं. एप्रिलमध्ये त्याची बॅट अजिबात चालेना, लोक कुजबुजायला लागले. मग गाडी रुळावर आली आणि ११० सामन्यांत त्यानं १८ होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले, ४४ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा थांबा गाठला. गावचा पोरगा, गावचं मैदान. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला स्क्रँटनचं बोलावणं आलं. २८ सप्टेंबरला सॉमरसेटनं ईरीविरुद्धचा निर्णायक तिसरा सामना १५-० असा जिंकून ईस्टर्न लीगचं विजेतेपद घेतलं, तेही नो-हिटर टाकून. रँडी व्हास्केझनं आठ इनिंग समोरच्याला एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) घेऊ दिली नाही, नववी कार्सन कोलमननं संपवली. विजेतेपदाचा निर्णायक सामना आणि त्यात नो-हिटर, असं जन्मात एकदा बघायला मिळतं. व्होल्पे तिथे नव्हता. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी तो यांकी स्टेडियमवर शॉर्टस्टॉपला उभा होता.

आणि त्या रात्रीचा हिरो व्हास्केझ? डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजनी सॅन डिएगोच्या क्लबकडून हुआन सोटो या बड्या फलंदाजाला घेतलं, त्या बदल्यात ज्यांना दिलं त्यांत व्हास्केझ एक. सोबत ड्रू थॉर्प, तोही सॉमरसेटमधून गेलेला. म्हणजे या मैदानावरचा खेळाडू दोन तऱ्हांनी उपयोगी पडतो : एक तर तो स्वतः वर जाऊन खेळतो, नाहीतर त्याला देऊन वरच्या संघासाठी दुसरा आणला जातो. गोठ्यातली गाय दूध देईल किंवा बाजारात किंमत देईल, तसंच. ऐकायला कडू आहे, पण धंदा हाच आहे, आणि खेळाडूंनाही तो पक्का ठाऊक असतो. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला अदलाबदलीची मुदत संपते, त्या आठवड्यात डगआउटमध्ये सगळ्यांचं एक लक्ष फोनकडे असतं. २०२५ च्या मुदतीत यांकीजनी कोलोरॅडो रॉकीजकडून जेक बर्ड हा पिचर घेतला आणि सॉमरसेटचा रॉक रिजिओ दिला. रॉकीजचा डबल-ए संघ हार्टफर्ड, म्हणजे सॉमरसेटच्याच गटातला. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसणारा एका रात्रीत समोरच्या गोटात.

म्हणून अप्पा, “यंदा संघ कसा आहे” हा प्रश्न इथे जरा वेगळ्या पद्धतीनं विचारायचा असतो. एप्रिलमध्ये कोण येतंय, जुलैपर्यंत त्यांतलं कोण टिकणार नाही, आणि खालून कोण चढतंय, हे तीन विचारा. न टिकणं ही इथे चांगली बातमी असते, हे एकदा पचवलं की बाकीचं सोपं जातं.

डबल-ए ही पायरी मुद्दाम बघण्यासारखी का, तेही सांगतो. खालच्या पायऱ्यांवर नुसत्या वेगावर पिचर जगतो आणि नुसत्या ताकदीवर फलंदाज जगतो. सरळ, वेगवान चेंडूची वाट बघत बसायचं आणि आला की हाणायचा. डबल-एमध्ये पहिल्यांदा असे पिचर भेटतात, जे दोन-तीन वेगळे चेंडू हवे तिथे टाकू शकतात आणि ज्या वेळी फलंदाज सरळ चेंडूची खात्री धरून बसतो नेमक्या त्याच वेळी वळणारा टाकतात. क्लब क्रिकेटमध्ये खोऱ्यानं धावा काढणारा पोरगा रणजीत पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या लेगस्पिनरसमोर उभा राहतो, तसं. इथे निम्मी पोरं अडतात. उलट जो इथे पास होतो तो कधीकधी ट्रिपल-ए गाळूनही थेट वर जाऊ शकतो. ट्रिपल-एमध्ये वर जाऊन आलेले, पस्तिशीकडे झुकलेले, कोणाला दुखापत झाली तर हाताशी असावेत म्हणून ठेवलेले बरेच असतात. खरी होतकरू गर्दी डबल-एमध्येच.

भारताच्या संदर्भात ही पायरी किती उंच आहे, त्याचं एक माप आहे. २००८ मध्ये भारतात चेंडू वेगानं फेकण्याची एक स्पर्धा झाली, तिच्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या शिकाऊ लीगमध्ये खेळले, अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं खूप कौतुक झालं. रिंकू पुढे सिंगल-एपर्यंत पोचला. डबल-एपर्यंत दोघांपैकी कोणीच पोचलं नाही. यात त्यांचा कमीपणा नाही. बेसबॉल कधी हातात न धरलेल्या पोरांनी एवढं केलं हेच नवल. पण ब्रिजवॉटरच्या डगआउटमध्ये कोपऱ्यात बसलेला सगळ्यात दुर्लक्षित राखीव खेळाडूसुद्धा किती चाळण्यांतून गळून आलेला असतो, ते यावरून कळावं.

आता हंगामाआधी येणारे अंदाज कसे वाचायचे. एक साधी सवय लावा : आकड्याआधी वय बघा. डबल-एमध्ये सरासरी वय चोविसाच्या आसपास असतं. सव्वीस वर्षांच्या माणसानं .३०० ची सरासरी काढली (दहा संधींत तीन हिट, म्हणजे उत्तम) तरी न्यूयॉर्कमध्ये फार कोणी मान वर करत नाही. वीस वर्षांच्या पोरानं .२३० काढली तर मात्र त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. दहावीच्या परीक्षेला आठवीतला मुलगा बसला आणि पंचावन्न टक्के मिळाले, तर आपण त्याला नापासांच्या रांगेत बसवत नाही.

गेल्या वर्षीचं जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियरचं उदाहरण घ्या. २०२३ चा पहिल्या फेरीतला खेळाडू, शॉर्टस्टॉप, जन्म जून २००५ चा. वडील स्वतः मेजर लीगमध्ये खेळलेले आणि पुढे डेट्रॉइट टायगर्सचे प्रशिक्षक. गंमत म्हणजे टायगर्सचा डबल-ए संघ ईरी, याच लीगमधला. २०२५ च्या पहिल्या महिन्यात लोम्बार्डनं हडसन व्हॅलीत धुमाकूळ घातला, म्हणून मे महिन्यात वीस वर्षं पूर्ण होण्याआधीच त्याला सॉमरसेटला आणलं. आणि इथे सरासरी धाडकन खाली आली. वर म्हटलं ना, ही पायरी अशीच. पण तो वाईट चेंडूंवर बॅट घालत नव्हता, असे चार बॉल सोडून फुकट पहिल्या बेसवर जात होता, पळत होता, आणि क्षेत्ररक्षणात तर वरच्या दर्जाचा होता. त्यामुळे सरासरी घसरूनही यांकीजच्या होतकरूंच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर राहिलं. यंदा तो पुन्हा ब्रिजवॉटरला सुरुवात करेल की थेट स्क्रँटनला, हा या मार्चमधला माझ्या दृष्टीनं सगळ्यात रंजक प्रश्न आहे. इथेच सुरुवात केली तरी जुलैमध्ये तो इथे दिसेल असं मी समजणार नाही. बघायचा असेल तर एप्रिल-मे गाठा.

दुसरी गोष्ट, फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन चांगले चेंडू हुकवून किंवा सोडून बाद होतो. २०२२ च्या पहिल्या फेरीतला स्पेन्सर जोन्स साडेसहा फूट उंचीचा, मारला तर चेंडू पार्किंगमध्ये. २०२४ मध्ये तो पूर्ण हंगाम सॉमरसेटला होता आणि १२२ सामन्यांत २०० वेळा स्ट्राइकआउट झाला. दोनशे! स्टँडमध्ये बसून बघताना जीव खालीवर व्हायचा. एक चेंडू ढगात, पुढचे तीन हवेत बॅट. पुढच्या वर्षी पुन्हा इथूनच सुरुवात केली, मग स्क्रँटनला गेला आणि दोन्हीकडे मिळून ३५ होमरन ठोकले. स्ट्राइकआउट तरीही थांबले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये यांकीजनी त्याला चाळीस जणांच्या यादीत घेतलं.

ही चाळिसाची यादी म्हणजे काय, हे जरा किचकट आहे, पण खेळाडूच्या आयुष्यात फार मोठं आहे. मोठ्या क्लबला आपल्या शिडीवरचे खेळाडू कायम दाबून ठेवता येऊ नयेत म्हणून नियम असा : खेळाडू १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झाला असेल तर पाच हंगामांनंतर, १९ किंवा जास्त वयाचा असेल तर चार हंगामांनंतर, एकतर त्याला त्या चाळिसांत घ्या, नाहीतर डिसेंबरमधल्या निवडीत दुसरा कोणताही क्लब त्याला उचलू शकतो. उचलणाऱ्यानं मात्र त्याला पुढचा पूर्ण हंगाम मेजर लीगच्या संघात ठेवलं पाहिजे. म्हणून सॉमरसेटची यादी जाहीर झाली की मी आधी शोधतो, कोणाचा निवाडा येत्या नोव्हेंबरमध्ये आहे. त्या पोरांच्या खेळात वेगळीच धग असते. परीक्षेचं वर्ष ते परीक्षेचं वर्ष.

पिचरांचं शास्त्र वेगळं. अप्पांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तरुण पिचरचा खांदा आणि कोपर ही क्लबची कोट्यवधींची ठेव. म्हणून त्यानं किती चेंडू टाकायचे हे सामन्याआधीच ठरतं. नव्वदीच्या आसपास गाडी थांबते, एप्रिलमध्ये त्याहून बरीच आधी. सामना ऐन रंगात असला तरी थांबते. शिवाय आठवड्यातून साधारण एकदाच त्याची पाळी. म्हणजे तुम्ही ज्याला बघायला गेलात तो त्या दिवशी टोपी घालून कुंपणाला टेकून उभा असण्याची शक्यता सहातली पाच. लोक तिकीट काढतात शनिवारचं आणि मग हळहळतात. संघाच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचे सुरुवातीचे पिचर कोण ते दिलेलं असतं. ते बघून वार ठरवा.

कार्लोस लग्रांजची पाळी असेल तर माझा सल्ला एवढाच की लवकर पोचा. सहा फूट सात इंचांचा डॉमिनिकन पोरगा, ताशी १०० मैलांच्या वर चेंडू टाकतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या पलीकडे. २०२५ मध्ये हडसन व्हॅलीहून सॉमरसेटला आला. अडचण एकच : चेंडू कुठे जाणार हे कधीकधी त्यालाही ठाऊक नसतं. यंदा तो कोणत्या गावी सुरुवात करतो आणि चेंडूवर ताबा मिळवतो का, यावर त्याचं पुढचं सगळं ठरेल. अशा पिचरना कधी सुरुवातीला न टाकता शेवटच्या एका-दोन इनिंगसाठी ठेवतात. मला तो पर्याय आवडत नाही, पण मला विचारतो कोण.

इतकं सांगून एक कबुली. पहिल्या फेरीतल्या नावांमागे धावणारे हे अंदाज बऱ्याचदा तोंडावर पडतात. बेन राइस २०२१ मध्ये बाराव्या फेरीत निवडला गेला, डार्टमथ कॉलेजचा. तिथून मेजर लीगमध्ये माणसं फारशी येत नाहीत, बँकेत जातात. २०२३ मध्ये तो सॉमरसेटला आला, २०२४ च्या जूनमध्ये यांकीजकडून खेळला. त्याहून सरस कॅम श्लिटलरची गोष्ट. २०२२ चा सातव्या फेरीतला पिचर, मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे यांकीजच्या हाडवैरी बॉस्टन रेड सॉक्सच्या अंगणात वाढलेला. २०२५ चा एप्रिल त्यानं ब्रिजवॉटरमध्ये काढला, थंडीत, अर्ध्या रिकाम्या स्टँडसमोर. ९ जुलैला यांकीजकडून पहिला सामना. आणि २ ऑक्टोबरला, हरला तो घरी गेला अशा सामन्यात, त्याच रेड सॉक्सविरुद्ध आठ इनिंग, शून्य धावा, १२ स्ट्राइकआउट. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. त्या एप्रिलमध्ये हात खिशात घालून त्याला बघणाऱ्यांपैकी किती जणांनी ऑक्टोबरमध्ये टीव्हीसमोर “अरे, हा तर आपला!” असं ओरडून शेजाऱ्यांना उठवलं असेल! २०२४ मध्ये अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरलेला लुईस हिल, ऑस्टिन वेल्स, हासोन डोमिंगेझ, सगळे याच मैदानावरून गेले.

प्रतिस्पर्ध्यांबद्दल थोडक्यात, कारण तेही असेच दुसऱ्यांचे संघ. गतविजेता बिंगहॅम्टन हा न्यूयॉर्क मेट्सचा, त्यामुळे त्या मालिकेला न्यूयॉर्कमधल्या भाऊबंदकीचा रंग चढतो. पण २०२५ मध्ये त्यांच्याकडून टाकलेले नोलन मॅकलेन आणि जोना टाँग हे दोन तगडे पिचर ऑगस्टअखेरपर्यंत मेट्सच्या संघात पोचले होते, आणि करंडक उंचावला उरलेल्यांनी. पोर्टलंड रेड सॉक्सचा. ती मालिका घरच्या मैदानावर असली की पार्किंगला वेळ ठेवा.

मधेच कधीतरी पाहुणे येतात. यांकीजचा मोठा खेळाडू दुखापतीतून उठला की वर जाण्याआधी इथे दोन-चार सामने खेळून अंग मोकळं करतो. गेरिट कोलनं जून २०२४ मध्ये असा पहिला सामना इथेच टाकला. जियानकार्लो स्टँटन तर एकाहून अधिक वेळा येऊन गेला. घोषणा आदल्या एक-दोन दिवशी होते आणि तिकिटं उडतात. प्रथा अशी की आलेल्या पाहुण्यानं सगळ्या पोरांना चांगलं जेवण घालायचं. ही प्रथा का पडली, हे पगाराचे आकडे बघितल्यावर कळतं. २०२२ पर्यंत डबल-एच्या खेळाडूला वर्षाला किमान १३,८०० डॉलर मिळायचे. न्यू जर्सीत त्यात भाडंही निघत नाही. एका घरात सहा-सहा जण जमिनीवर गाद्या टाकून राहायचे. २०२२ मध्ये क्लबांनी राहायची सोय करणं बंधनकारक झालं, त्याच वर्षी खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ पासून किमान रक्कम ३०,२५० डॉलर झाली. तरीही ऑक्टोबर ते मार्च बरेच जण दुसरं काहीतरी काम करतात. समोरच्या हिरव्या गवतावर पळणाऱ्या पोरांपैकी दोन-तीन जण काही वर्षांत कोट्यधीश होतील आणि बाकीचे तिशीच्या आत नवी नोकरी शोधतील.

नियमांच्या बाबतीतही हे खालचे संघ म्हणजे प्रयोगशाळा. पिचरनं ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे हे घड्याळ आधी मायनर लीगमध्ये रुळलं, २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये गेलं. त्यामुळे सामना आता अडीच तासांच्या आसपास संपतो, मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेला उठवता येतं. कॅमेऱ्याच्या मदतीनं पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या (चेंडू चांगला की वाईट) निर्णयाला आव्हान द्यायची पद्धत ट्रिपल-एमध्ये घासूनपुसून २०२६ पासून वर आली. आपल्या डीआरएसला किती वर्षं शिव्या खाव्या लागल्या ते आठवून बघा. इथे त्या शिव्या आधी छोट्या गावांत खाऊन घेतात.

मैदानावर जायचं तर न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रॅरिटन व्हॅली मार्गावर ब्रिजवॉटर स्टेशन आहे, उतरलं की समोरच स्टेडियम. सहा हजारांच्या आसपास खुर्च्या, त्यामुळे वाईट जागा अशी नाहीच. तिसऱ्या बेसच्या बाजूला की पहिल्या, यावर भांडू नका. एप्रिलमध्ये मात्र स्वेटर, कानटोपी आणि थर्मास घ्या. संध्याकाळी सातनंतर महाबळेश्वरची डिसेंबरमधली थंडी असते आणि शहाळ्याऐवजी बर्फ घातलेलं लेमोनेड विकत असतात.

हे सगळं अप्पांना तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : “समजलं. मी १५ मे ला येतोय. तो लोम्बार्ड तोपर्यंत असेल का?”

“सांगता येत नाही, अप्पा. चांगला खेळला तर नसेल.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं : “मग तिकीट अलीकडचं बघू का?”

आता ते एअर इंडियाच्या कस्टमर केअरच्या फोनवर आहेत.